कमांडर येगोरचा घोडा

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही हो! माणूस आपलं एक साधं काम करायला जातो, आणि परत येतो तेव्हा काम राहतं बाजूला, किस्सेच पदरात जास्त पडलेले असतात. आमच्या मंडळाने दिवाळीला एक नाटक केलं. बघणाऱ्यांचं दोन तासांत आटपलं. करणाऱ्यांचं अजून आटपलेलं नाही. कुणाच्याही घरी चहाला जमलो की कुणीतरी म्हणतं, "ते घोड्याचं सांग ना," आणि चहा गार होतो.

आधी माझी ओळख. मी वैशाली. नवऱ्याच्या परमिटला लटकून नेदरलँड्समधल्या न्यूनेनला आले, घरात बसून वेड लागायची पाळी आली, म्हणून शिवणाचं मशीन घेतलं. आता पडदे, ब्लाउज, डच बायकांच्या पँटच्या चेन, काय म्हणाल ते शिवते. नाटकात माझ्याकडे कपडे आणि प्रॉम्प्टिंग. म्हणजे सगळ्यांच्या कमरेची मापं आणि सगळ्यांचे विसरलेले संवाद, दोन्ही माझ्या ताब्यात! त्यामुळे माझ्या वाकड्यात फारसं कुणी शिरत नाही.

*

सुरुवात झाली ती शुभदापासून. ही बाई पुण्यात प्रायोगिक नाटकं बसवायची. इथे आल्यापासून मात्र दर दिवाळीला तिने आमचं एकच स्किट पाहिलं. सासू पहिल्यांदा विमानतळावर उतरते आणि तिच्या बॅगेत लोणचं सापडतं. दरवर्षी सासू बदलते, लोणचं तेच. या वर्षी कमिटीच्या मीटिंगमध्ये ती उठून म्हणाली, "मला नाटक करायचंय. यादवी युद्धातल्या एका क्रांतिकारक घोडदळ-कमांडरच्या आयुष्यावर."

खोबऱ्याच्या वड्या चघळणारे सगळे चघळायचे थांबले. आमचे अध्यक्ष नाना (वय चव्वेचाळीसच, पण हात मागे बांधून चालतात म्हणून नाना) म्हणाले, "आपल्या मराठ्यांत घोडेस्वारांची काय टंचाई पडली होती?"

"आपल्याकडच्यांवर खूप झालंय, नाना. मला असा हवाय ज्याला त्याच्याच लोकांनी संपवला."

मग तिने गोष्ट सांगितली. येगोर नावाचा माणूस, लांबच्या एका थंड मुलखातला. जमीनदाराच्या तबेल्यातल्या मोतद्दाराचा मुलगा. क्रांती पेटते, हा मालकाचाच घोडा घेऊन पळतो. शेतकऱ्यांच्या पोरांना गोळा करून घोडदळ उभं करतो, लढायांवर लढाया जिंकतो, मोठा कमांडर होतो. मग एक दिवस वरून हुकूम येतो, अमुक गाव जाळा. हा म्हणतो, नाही जाळत. झालं! ज्यांच्यासाठी लढला तेच त्याच्यावर खटला भरतात आणि गोळ्या घालतात.

"खरा होता का हा?" कुणीतरी विचारलं.

"असे बरेच होते. मी सगळ्यांचा मिळून एक केलाय."

नाना गंभीर झाले. "म्हणजे शेवटी मरतो?"

"मरतो."

"ऐन दिवाळीत?"

"ऐन दिवाळीत."

नानांनी मोठा सुस्कारा सोडला. "फराळाच्या आधी की नंतर, तेवढं सांगा!"

*

घोड्याचं काय करायचं, हा मुख्य प्रश्न. खरा आणता येत नाही, लाकडी शुभदाला चालत नाही. तिची कल्पना अशी की घोडा माणसानेच व्हायचं. डोक्याला आयाळ, छातीला पट्टा, मागे स्वार लगाम धरून उभा, आणि दोघांनी एका तालात पळायचं. ऐकायला झकास! पण वाचनाच्या दिवशी येगोर व्हायला हॉलभर माणसं, आणि घोडा म्हटल्याबरोबर सगळ्यांना अचानक महत्त्वाचे फोन यायला लागले.

एका बाईने तर शुभदाला बाजूला घेऊन सांगितलं, "आमच्या ह्यांना आत्ताच प्रिन्सिपल आर्किटेक्ट केलंय. सासरी काय सांगू, इकडे घोडा केला म्हणून?"

येगोरचं काम मिळालं श्रीरंगला. उंच, शिडशिडीत, आवाज असा की मागच्या रांगेला माईक लागत नाही. आणि मग कोपऱ्यातून गिरीश उठला. गिरीश म्हणजे श्रीरंगचा ऑफिसातला मॅनेजर, आमच्यातला सगळ्यात मोठा साहेब, जिम करून करून पाठ दाराएवढी रुंद झालेली. म्हणाला, "मी होतो घोडा. संवाद नाहीत ना? बोलून बोलून आठवडाभर तोंड दुखतं माझं."

श्रीरंगने दोन्ही हात जोडून वर बघितलं. "देवा! मॅनेजरचा लगाम माझ्या हातात! आता नेलंस तरी चालेल!"

त्यावर गिरीश असा काही खिंकाळला की शेजारच्या हॉलमध्ये योगा करणाऱ्या डच आज्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

*

ते हसणं फार टिकलं नाही. पंधरवड्यात त्यांच्या ऑफिसात री-ऑर्गनायझेशन झालं आणि श्रीरंगची नोकरी गेली. बातमी त्याला दिली कुणी? गिरीशने! त्याच्याच टीममधली नावं, त्यानेच द्यायची, त्यानेच सांगायचं.

इथे परमिटवर असलेल्याची नोकरी गेली की साधारण तीन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर चंबूगबाळं आवरायचं. श्रीरंगची बायको केतकी इतकी वर्षं घरी बसून नुकती कुठे पाळणाघरात नोकरीला लागली होती. लेक इरा इथेच वाढलेली. तिच्याशी मराठीत बोला, ती डचमध्ये उत्तर देणार. तिला पुण्याच्या शाळेत टाकायचं म्हणजे परदेशी पाठवण्यासारखंच. तिघांचं सगळं त्या एका खुंटीला टांगलेलं. केतकी माझी जवळची मैत्रीण. माझ्या मशीनशेजारी बसून ती रडली, आणि मी गिरीशला मनातल्या मनात अशा शिव्या घातल्या की त्या इथे लिहिता येत नाहीत.

शनिवारी तालमीला दोघंही आले! शुभदाने घसा खाकरून विचारलं, "बदल करायचाय का काही? श्रीरंग? गिरीश?"

श्रीरंग म्हणाला, "मला नका काढू. एवढं एकच काम उरलंय मला."

गिरीशने खुंटीवरची आयाळ काढली, डोक्यावर चढवली आणि श्रीरंगच्या पुढे जाऊन पाठ करून उभा राहिला. श्रीरंगने लगाम हातात घेतला. त्या दिवशी दोघं सगळी तालीम एका तालात पळले, आणि एक अक्षर एकमेकांशी बोलले नाहीत. पुढे कित्येक आठवडे हेच. मराठी मंडळात न बोलणारी माणसं नवीन नाहीत, पण एकाच्या छातीला पट्टा आणि दुसऱ्याच्या हातात लगाम असून न बोलणारी मी पहिल्यांदाच पाहिली.

*

आता जरा हसा. घोडदळाचा हल्ला बसवायचा होता. आमचे सैनिक सगळे आयटीवाले, घोड्यावर बसलेला एक नाही. शुभदा म्हणाली, "सायकली काढा. ताठ बसायचं, डावा हात लगाम, उजवा हात तलवार." मग दर रविवारी न्यूनेनच्या बाहेर कालव्याकाठच्या सायकलच्या रस्त्यावर आमचं क्रांतिकारक घोडदळ, एका हाताने हँडल धरून, दुसऱ्या हातात पडद्याचा रॉड घेऊन! पुढे श्रीरंग ओरडतोय, "चला, मर्दांनो!" आणि मागे माझा नवरा मंदार ओरडतोय, "अरे हळू, समोरून बाबागाडी येतेय!"

एक डच आजोबा कुत्र्याला घेऊन थांबले. मला विचारलं, "हे कुठे चाललेत?"

"युद्धावर," मी म्हटलं.

आजोबांनी आकाशाकडे बघितलं. "मग लवकर जा म्हणावं. तीननंतर पाऊस आहे."

पण खरी गंमत स्टेजवर. पहिली रंगीत तालीम, हल्ल्याचा प्रवेश. ढोल वाजतोय, लाल दिवे लागलेत, येगोरची गर्जना घुमली, हवेतला लगाम धरून घोडदळ पायीच सुसाट निघालं. आडपडद्याजवळ त्यांनी उजवीकडे वळायचं होतं. आणि वळायच्या आधी, देवाशपथ सांगते, एकूण एक सैनिकाने उजवा हात लांब करून वळण्याची खूण दाखवली! तलवारीसकट!

शुभदाने डोकं धरलं. "अरे, शत्रूला इंडिकेटर देताय?"

मंदार म्हणाला, "सायकलची सवय आहे गं. हात नाही दाखवला तर शिव्या खाव्या लागतात."

*

श्रीरंगला मात्र शुभदाने खऱ्या घोड्यावर पाठवलं. गावाबाहेर घोडेस्वारीची शाळा आहे, इरा तिथे जातेच. मग बापलेक एकाच वर्गात! आठ-नऊ वर्षांच्या पोरी रांगेत, आणि शेवटी हे आमचे सहा फुटी कमांडर, ठेंगण्या पोनीवर, पाय जवळजवळ जमिनीला टेकलेले. इरा पुढून ओरडायची, "पापा! टाचा खाली!" तेही डचमध्ये, म्हणजे सगळ्या वर्गाला कळावं म्हणून.

शिकवणारी मार्लूस नावाची बाई. डच माणसाच्या जिभेला हाड नसतं, ते सोडा. हिच्या जिभेला ब्रेकही नव्हता! पहिल्याच दिवशी म्हणाली, "तू चांगला स्वार होणार नाहीस. पण तुला नोकरी नाही ना? मग बुधवारीही ये. शेण काढायला माणूस हवंय."

दुसरा कुणी असता तर तोंड पाडून घरी आला असता. श्रीरंग गेला! म्हणाला, "येगोर मोतद्दाराचाच मुलगा. अभ्यास फुकटात होतोय." शेण काढायचा, घोड्यांना खरारा करायचा, त्यांच्याशी मराठीत गप्पा मारायचा. केतकी सांगते, अर्ज नाकारल्याचा ईमेल आला की हा उठून तबेल्यात जायचा आणि परत येताना शीळ घालत यायचा. मला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटायचं. आम्ही बाकीचे धडधाकट नोकऱ्या असून रडतो.

एका शनिवारी तो तबेल्यातून थेट तालमीला आला. घमघमाट! खिशात उरलेली गाजरं. हल्ल्याचा प्रवेश संपला, गिरीश घामाने निथळत, आयाळ सावरत उभा. श्रीरंगने खिशातून गाजर काढलं आणि तळहात सपाट करून, खऱ्या घोड्यापुढे धरतात तसं, गिरीशपुढे धरलं. तोंडाने काही नाही.

सगळा हॉल बघतोय. मला वाटलं, आता भडका उडणार.

गिरीश वाकला आणि हात न लावता ते गाजर कचाकचा खाल्लं. पूर्ण! मग श्रीरंग इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला. "धुतलेलं नव्हतं रे."

*

खटल्याच्या प्रवेशात न्यायाधीश होते नाना. नाना म्हणजे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात माईक धरून सूचना देणारा माणूस. वर्षानुवर्षं तीच सवय. तालमीत त्यांनी चष्मा लावला, कागद धरला, आवाज असा धीरगंभीर काढला की अंगावर काटा आला.

"क्रांतीशी द्रोह केल्याबद्दल आरोपी येगोर याला उद्या पहाटे गोळ्या घालण्यात येतील. जेवणाची सोय वरच्या मजल्यावर केली आहे, तरी सर्वांनी जेवूनच जावं ही विनंती!"

श्रीरंग बेड्यांसकट खाली बसला हसत. गिरीश आयाळीत तोंड लपवून हसत होता. शुभदा एकटी हसली नाही. ती म्हणाली, "नाना, एकदा तरी माणसाला उपाशी मारा!"

*

तीन महिने संपत आले. आणि मग रॉटरडॅमच्या एका कंपनीने श्रीरंगला बोलावलं. जहाजांवरच्या कंटेनरचं सॉफ्टवेअर करणारी कंपनी. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "आधीची नोकरी का सोडली?"

महिनोनमहिने येगोरचे संवाद घोकलेला माणूस! तोंडातून इंग्रजीत निघून गेलं, "मी सोडली नाही. माझ्याच माणसांनी मला घोड्यावरून उतरवलं."

समोरचे डच टेबल बडवून हसले. त्यांना हा आवडला. सगळं जुळलं. एकच राहिलं, त्यांना त्याच्या शेवटच्या मॅनेजरशी पाच मिनिटं फोनवर बोलायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ठरवू म्हणाले. आणि त्याच शुक्रवारी आमचा प्रयोग!

घोडं अडलं ते इथेच. गिरीशच्या कंपनीचा नियम असा की गेलेल्या माणसाबद्दल मॅनेजरने अवाक्षर काढायचं नाही. एचआर फक्त तो कधीपासून कधीपर्यंत होता तेवढं सांगणार. केतकी म्हणाली, "तू विचार ना गिरीशला." श्रीरंग म्हणाला, "त्याला अडचणीत टाकून मला नोकरी नको." आला मोठा येगोर! गाव जाळायचं नाही म्हणे!

मला राहवेना. मी गिरीशच्या आयाळीचं माप घ्यायच्या निमित्ताने गेले. (आयाळीला कसलं डोंबलाचं माप असतं!) स्पष्ट विचारलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पॉलिसी आहे, वैशाली. माझीही नोकरी आहे. माझंही परमिट आहे."

"पॉलिसी घाल चुलीत!" मी म्हटलं.

मी तोंडात टाचण्या धरून त्याचा पट्टा शिवला, आणि कबूल करते, दोन-तीन टाचण्या मुद्दाम जरा आत गेल्या.

*

शुक्रवार उजाडला. घोडामैदान जवळच होतं! हॉलमध्ये उदबत्ती लावली तर अलार्म वाजतो, म्हणून रंगदेवतेचा नारळ आम्ही बाहेर सायकल स्टँडवर फोडला. चार वाजता शेवटची तालीम, आणि घोडा गायब!

शुभदाचा आवाज चिरका व्हायला लागला. "मी कमांडरशिवाय प्रयोग करीन, घोड्याशिवाय कसा करू?" नाना म्हणाले, "पळाला वाटतं." मला तर खात्रीच होती. तोंड दाखवायला लाजला, आणि लाजायलाच हवं!

मी शोधायला बाहेर गेले. बारीक पाऊस पडत होता. कचऱ्याच्या डब्यांमागे गिरीश येरझाऱ्या घालत होता. पूर्ण वेषात, डोक्यावर आयाळ, मागे शेपूट, कानाला फोन. सायकलवरून जाणारी एक बाई त्याच्याकडे बघता बघता खांबाला धडकता धडकता वाचली.

तो इंग्रजीत बोलत होता. "नाही, पॉलिसीप्रमाणे मी तुम्हाला काहीच सांगू शकत नाही. म्हणून पॉलिसी बाजूला ठेवून सांगतोय. माझं नाव लिहून घ्या हवं तर. माझ्या टीममध्ये त्याच्याइतका चांगला माणूस नव्हता." थोडा वेळ ऐकून घेतलं. मग म्हणाला, "कारण यादीत कुणाचं तरी नाव द्यायचं होतं, आणि तो भांडणार नाही हे मला माहीत होतं."

मी पाऊल न वाजवता मागे फिरले. डोळ्यांतून पाणी आलं हो माझ्या. त्या टाचण्या आठवल्या आणि कसंतरीच झालं. आत येऊन शुभदाला म्हटलं, "येतोय घोडा. वैरण खायला गेला होता."

*

आणि आता तो किस्सा, ज्याच्यासाठी लोकांचा चहा गार होतो.

प्रयोगाला अर्धा तास असताना केतकी धावत मेकअपच्या खोलीबाहेर आली. श्रीरंगचा फोन तिच्याकडे होता. रॉटरडॅमवाल्यांनी घरी जाता जाता फोन केला होता. घेतला त्याला! परमिटचं तेच बघणार! केतकीला बोलताही येईना, नुसती माझा हात दाबत होती. मी तिला घट्ट मिठी मारली, म्हटलं, "गंगेत घोडं न्हालं गं बाई! चल, सांगू त्याला!"

शुभदा दारात आडवी! "खबरदार! तो शेवटच्या प्रवेशात मरेपर्यंत एक शब्द सांगायचा नाही. चेहऱ्यावर आनंद दिसला तर माझा येगोर गेला!"

"अगं, नवरा आहे माझा!" केतकी म्हणाली.

"फराळाला तुझा. तोपर्यंत माझा!"

काय करणार! आम्ही तिघी गप्प. केतकी पहिल्या रांगेत इराशेजारी जाऊन बसली, तोंडावर ओढणी दाबून. लोकांना वाटलं, नाटक बघून गहिवरली.

प्रयोग असा रंगला म्हणून सांगू! तबेला, पळालेला घोडा, शेतकऱ्यांची फौज. हल्ल्यात एकानेही हात दाखवला नाही. नानांनी कुणाला जेवायला बोलावलं नाही. गाव जाळायचा हुकूम फाडताना श्रीरंगचा आवाज असा लागला की विंगेत मीही पुढची ओळ विसरले.

शेवटचा प्रवेश. पहाट. येगोरला माळावर आणतात. त्याचं मागणं एकच, माझ्या घोड्याला मोकळं सोडा. तो लगाम काढतो, आयाळीवरून हात फिरवतो, म्हणतो, "जा. मागे बघू नकोस." घोड्याने डावीकडून धावत निघून जायचं. मग बंदुकांचे आवाज, अंधार, पडदा. शंभरदा केलेलं.

श्रीरंगने लगाम काढला. आयाळीवरून हात फिरवला. "जा. मागे बघू नकोस."

घोडा जाईना.

मला वाटलं, विसरला! आता ज्याला संवादच नाहीत त्याला प्रॉम्प्ट तरी काय करायचं? मी विंगेतून हातवारे करतेय, "जा की रे! डावीकडे!" श्रीरंगने पुन्हा सांगितलं, "जा!" आवाज फाटला त्याचा. घोडा जागचा हलत नाही. बंदुका रोखलेले तिघं हळूच नानांकडे बघतायत, नाना माझ्याकडे, आणि मी देवाकडे.

मग गिरीश वळला. श्रीरंगकडे पाठ करून गुडघ्यावर बसला. त्याचे दोन्ही हात ओढून आपल्या गळ्यात घेतले, आणि उठला की! अख्ख्या श्रीरंगला पाठुंगळीला घेऊन धावत सुटला, डावीकडे नाही, सगळ्या स्टेजला वळसा घालून, बंदुकांच्या समोरून! त्या तिघांनी आपसूक बंदुका खाली केल्या. लाइटवाल्याने अंधार करायचा सोडून त्यांच्यामागे झोत फिरवला. लोक उठून उभे राहिले. इरा खुर्चीवर चढून ओरडत होती, "पळ! पळ!" आयुष्यात पहिल्यांदा मराठीत.

दोघं विंगेत आले तेव्हा टाळ्यांनी पडदा हलत होता. शुभदा लालबुंद. "गिरीश! काय केलंस हे! मरतो तो तिथे! नाटक आहे माझं! त्याला कुठे घेऊन आलास?"

आयाळ एका कानावर लोंबत होती. गिरीशला धाप लागली होती. श्रीरंग अजून पाठीवरच होता, त्याच्या मानेत तोंड खुपसून.

"एकदा पाडलाय मी ह्याला," घोडा म्हणाला. "परत नाही."